कवडू गुरुजींना दिलेला पत्ता

हे आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, धाकट्या बहिणीच्या नाही – आणि ती तर माझ्या पोटातलं ओठांवर यायच्या आधीच ओळखते. ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं, जे मला ताई ताई म्हणतात, त्यांना तर नाहीच नाही. मी सांगायला बसते आणि भलतंच काही सांगत सुटते – घुग्घुसची धूळ, डायल-अपचा तो किरकिरा आवाज, क्लासातला तो माउस, ज्यातला गोळा पोरं काढून गोट्या खेळायची. ऐकणारे हसतात. मी पण हसते. आणि मूळ गोष्ट राहून जाते. आजही तसंच होईल का? होईलही. पण तुम्ही जरा थांबा, उठू नका.

माझे बाबा घुग्घुसला कोळसा खाणीत होते. मी कॉलेजसाठी चंद्रपूरला आले आणि तिथल्याच एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले. दोन हजार चार-पाचचा सुमार. सकाळच्या आणि संध्याकाळच्या बॅचच्या मध्ये दुपार अख्खी रिकामी असायची. क्लासात इंटरनेट होतं, मालक दुपारी घरी झोपायला जायचे, आणि भारनियमन नसेल तेव्हा ती दुपार माझी असायची.

त्या दुपारींमध्ये मला ही माणसं भेटली – म्हणजे त्यांची पत्रं भेटली. जगभर बसलेली, हौसेनं प्रोग्राम लिहिणारी आणि लिहून झाला की "घ्या, वापरा, हवा तर बदला" म्हणून सगळ्यांपुढे ठेवून देणारी. आपल्याकडेही अशांचा एक गट होता, पुण्या-बंगळुरूकडचा. ते मराठीसाठी काम करायचे. मला वाटलं, हे काय वेड आहे! आणि मग तेच वेड मलाही लागलं.

तेव्हाची मराठीची एक अडचण होती. लोकांनी वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टांत टाइप करून ठेवलं होतं, आणि ते नव्या यंत्रणेत उघडलं की नुसता कचरा दिसायचा – प्रश्नचिन्हं, चौकोन, काहीबाही. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. जुनी फाइल त्यात घालायची, नवी वाचता येणारी बाहेर यायची. माझ्या आयुष्यात मी स्वतः केलेली ती पहिली गोष्ट. स्वयंपाक धरला नाही तर.

पुढचं कळायला एवढं सांगायलाच हवं – त्या जगात सगळं मेलिंग लिस्टवर चालायचं. एका पत्त्यावर पत्र टाकलं की ते लिस्टवरच्या सगळ्यांना जायचं. आमच्या दोन लिस्ट होत्या. एक प्रोग्राम बनवणाऱ्यांची. प्रोग्रामातच काही दोष सापडला तर तो तिथे सांगायचा. दुसरी वापरणाऱ्यांची – हे कसं करू, ते कुठे सापडेल, असं तिथे विचारायचं. नवी माणसं नेहमी चुकीच्या ठिकाणी यायची. कुणीतरी त्यांना योग्य जागा दाखवावी लागायची. हे काम मी अंगावर घेतलं. कुणी दिलं नव्हतं. मला ते आवडायचं. खरं सांगू? दुसऱ्याला "तुम्ही चुकीच्या जागी आलात" असं सांगताना आपण बरोबर जागी बसलोय असं वाटतं. घुग्घुसच्या पोरीला ते वाटणं फार हवं होतं.

वापरणाऱ्यांच्या लिस्टची तर मी मालकीणच होते. नव्या माणसाला आपोआप जाणारं सूचनांचं पत्रक मीच लिहिलं होतं. तिथे चाळीस-पन्नास नावं होती आणि वाचणारं कुणी नव्हतं. शेवटचा प्रश्न दिवाळीत आला होता आणि त्याचं उत्तर होळीपर्यंत आलं नव्हतं. हे मला माहीत होतं. एवढं लक्षात ठेवा – मला ते माहीत होतं.

एका दुपारी बनवणाऱ्यांच्या लिस्टवर एक पत्र आलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. त्या लिस्टवर सगळे इंग्रजीत बोलायचे, तेव्हा ते पत्र तिथे लग्नात चुकून दुसऱ्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखं दिसत होतं. लिहिणारे होते कवडू गुरुजी. अहेरीजवळच्या एका गावचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. ते पत्र मला अजून जवळजवळ पाठ आहे. सुरुवात पुस्तकी, आणि चार ओळींनंतर गुरुजी आपल्या बोलीवर आले.

"माह्या बायकोची माय मागच्या साली वारली. आमी तलावावर, नदीवर मासोळ्या धरणारे लोक. तिले पाण्यातल्या एकूणएक गोष्टीचं नाव येत होतं. मासोळ्यांचं, जाळ्यांचं, पाणी कुठी खोल हाये त्या जागांचं. ती सांगत गेली अन् मी लिवत गेलो. वह्यांले वाळवी लागली म्हणून अहेरीच्या क्लासात बसून दोन साल टाइप केलं. आता आमच्या वाचनालयात नवं मशीन आलं, त्याच्यात तुमचा प्रोग्राम चालवला. पहिली वीस-बावीस पानं चांगली आली. बाकी सारं कोरं. दोष प्रोग्रामात हाये का माह्या हातात, समजून नाई राह्यलं. पण लहान फाइल देली तं चालते, मोठी देली तं नाई चालत. म्हणून प्रोग्रामातच असावा, असं वाटते. ज्या फ्लॉपीत मूळ ठेवलं होतं ते पाहली, तं ते खराब झाली. काय करावं, कृपा करून सांगा."

शिक्षक माणूस. लहान फाइलवर चालतो, मोठीवर नाही – त्यांनी स्वतःच तपासून पाहिलं होतं. पुढे कित्येक वर्षं मी लोकांच्या तक्रारी वाचल्या, शिकल्या-सवरलेल्या इंजिनिअरांच्याही, पण इतकी स्वच्छ तक्रार क्वचित पाहिली.

मी लगेच एक मोठी फाइल घेतली आणि माझ्याच प्रोग्रामात घातली. वीस पानं आली, पुढे कोरं. मूळ फाइल उघडली – तीही तशीच. म्हणजे माझा प्रोग्राम मूळ फाइलवरच लिहीत होता आणि अर्ध्यात तिला खाऊन टाकत होता. सगळ्याला पाच मिनिटंही लागली नसतील. मशीनचा पंखा घरघरत होता.

आणि आता नीट ऐका, कारण इथून पुढे मी स्वतःला फसवायला मोकळी नाही. त्यांचं लिखाण गेलेलं नव्हतं. काम सुरू करण्याआधी माझा प्रोग्राम मूळ फाइलची एक प्रत आपल्या फोल्डरात लपवून ठेवायचा. ती सोय मी माझ्या तपासणीसाठी केली होती. बाहेर कुणाला ठाऊक नव्हती, कुठे लिहिलेली नव्हती. गुरुजींच्या सासूबाईंनी सांगितलेलं सगळं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, त्या वाचनालयातल्या मशीनमध्ये जसंच्या तसं पडलेलं होतं. मला फक्त चार ओळी लिहायच्या होत्या. प्रोग्राम पुन्हा चालवू नका. अमक्या फोल्डरात जा. लपलेल्या फाइली दाखवा म्हणा. ती तिथे आहे.

मी लिहायला घेतलं सुद्धा. "आदरणीय गुरुजी" एवढं लिहिलं.

तीन आठवड्यांनी गटाच्या मराठी प्रोग्रामांच्या संचाची नवी आवृत्ती निघायची होती. पुण्याच्या मोठ्या मंडळींनी माझा प्रोग्राम त्यात घ्यायचं कबूल केलं होतं. मला पुण्याला बोलावलं होतं, तिथल्या मेळाव्यात अर्धा तास बोलायला. लोकांच्या फाइली खाणारा प्रोग्राम कोण घेईल? उत्तर लिस्टवर गेलं असतं तर सगळ्यांनी वाचलं असतं. त्या लिस्टवर बाई मी एकटीच. वर्ध्याच्या पलीकडची तर नक्कीच एकटी. एकदा हसं झालं की झालं – हे मी निमित्त म्हणून सांगत नाही. म्हणजे – त्या दुपारी हेच निमित्त मी स्वतःला दिलं होतं, आणि ते मला पुरलं होतं. म्हणून सांगते.

आणि लिस्टवर नको तर नको, एकट्या गुरुजींना पत्र टाकता आलं असतं ना? आलं असतं. पण त्यांनी "आभार" म्हणून परत लिस्टवरच लिहिलं असतं, प्रोग्रामात दोष होता, बाईंनी सांगितला, असं. भोळी माणसं सगळ्यांसमोर आभार मानतात. त्याचीच मला भीती वाटली.

मी "आदरणीय गुरुजी" पुसलं आणि इंग्रजीत लिहिलं, माझ्या नेहमीच्या तयार मजकुरातून. ही लिस्ट प्रोग्राम बनवणाऱ्यांसाठी आहे. वापरताना येणाऱ्या अडचणींसाठी वापरणाऱ्यांच्या लिस्टवर लिहावे. लिहिण्याआधी तिथल्या सूचना वाचाव्यात. खाली पत्ता. धन्यवाद.

कळतंय ना तुम्हाला मी काय केलं? माणूस बरोबर दारात उभा होता. दोष प्रोग्रामातच होता आणि तो सांगायची जागा तीच होती. पन्नासातला एखादाच नवखा बरोबर जागी येतो, तसे ते आले होते. आणि मी त्यांना सांगितलं की तुमची जागा चुकली. जिथे कुणी राहत नाही अशा घराचा पत्ता त्यांच्या हातात दिला. आणि तेही नियमावर बोट ठेवून, अगदी सभ्यपणे. पुण्याहून एकानं मला वेगळं पत्र टाकलं – छान हाताळलंस.

गुरुजींचं उत्तर पुढच्या बाजारच्या दिवशी आलं. ते आठवडी बाजाराला अहेरीला यायचे आणि तेव्हाच मेल बघायचे. "माफ करा बाई," त्यांनी लिहिलं होतं. "आमच्या तलावात ज्याची त्याची जागा ठरली राह्यते. दुसऱ्याच्या जागी जाळं पडलं तं भांडाचं नाई, मुकाट्यानं उचलून घ्याचं. मी उचलून घेतो. तुमी पत्ता देला, उपकार झाले."

सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी चहा मागवला.

मग ते त्या दुसऱ्या लिस्टवर लिहू लागले. दर बाजारच्या दिवशी एक पत्र. मालकीण मी, तेव्हा प्रत्येक पत्र मला यायचं, आणि मी प्रत्येक पत्र उघडायचे. पहिल्यात सगळी हकीकत पुन्हा, आधीपेक्षा जास्त नीट – आपणच पहिल्यांदा नीट सांगितलं नसेल असं त्यांना वाटलं असावं. दुसऱ्यात, "मागचं पत्र पोचलं का?" तिसऱ्यात, "सारे कामात असान. सवडीनं सांगा." चौथ्यात त्यांनी सूचना वाचल्याचं लिहिलं होतं, आणि आता त्याप्रमाणे करून पाहतो म्हणून. पाचव्यात फक्त एवढंच – "कोनी हाये का इथी?"

मी होते ना. मीच होते तिथे.

प्रत्येक पत्रानंतर मी उत्तर लिहायला घ्यायचे. ते मसुदे माझ्या मेलमध्ये कितीतरी दिवस पडून होते. पण आता उत्तर द्यायचं तर "आधी का नाही सांगितलं" हा प्रश्न त्याच्या मागून येणार, आणि दर आठवड्याला तो प्रश्न जड होत जाणार. पहिल्या दिवशी जे चार ओळींत झालं असतं ते तिसऱ्या आठवड्यात माझ्यानं उचलेना. सहाव्या आठवड्यात पत्र आलं नाही. सातव्यातही नाही. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला आजही शिसारी येते.

मधल्या काळात मी दोष गुपचूप दुरुस्त केला होता. आवृत्ती वेळेवर निघाली. काय काय बदललं याची जी यादी असते, त्यात माझ्या प्रोग्रामापुढे मी लिहिलं – किरकोळ सुधारणा. पुण्याला गेले, बोलले, टाळ्या पडल्या. आईनं गावभर सांगितलं. बाबांनी खाणीतल्या मित्रांना पेढे वाटले.

दीड वर्षानं मी अहेरीला गेले. शिक्षकांना कॉम्प्युटर शिकवायचं तीन दिवसांचं शिबिर होतं आणि क्लासाकडून मला पाठवलं होतं. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली – बस त्या सागाच्या जंगलातून चालली होती आणि मी ठरवत होते की या खेपेला सांगायचंच. गुरुजींना शोधायचं आणि सांगायचं. शोधावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते स्वतःच दारात येऊन उभे राहिले. किडकिडीत, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. शिबिराच्या कागदावर माझं नाव पाहून आले होते.

"बाई, तुमीच ना त्या?" ते म्हणाले. "मले पत्ता देणाऱ्या?"

मला वाटलं, आता. आता विचारतील. पण ते हसत होते. इतक्या मोठ्या मंडळींच्या बैठकीत एका बाईनं आपल्या पत्राला उत्तर दिलं, याचंच त्यांना कौतुक होतं. बाकी कुणी उत्तर दिलं नव्हतं ना! शिबिर संपल्यावर घरी जेवल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनी बजावलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मला घेऊनच गेले.

घर नदीच्या अंगाला होतं. अंगणात बांबूवर जाळं वाळत घातलेलं, पलीकडे प्राणहितेचं पाणी. त्यांची बायको सिंधूबाई – बुटकी, काळीसावळी, बोलताना डोळे मिटून घेणारी – हिनं मरळीचा रस्सा आणि भात केला होता. मी जेवत होते आणि गुरुजी सांगत होते. लिखाण गेलं म्हणून हातपाय गाळून बसले नव्हते. दोघं नवरा-बायको रोज दुपारी बसत होते. सिंधूबाईनं आठवायचं, त्यांनी लिहायचं. जवळजवळ अर्धं परत झालं होतं. पण बाकीचं हिच्या आईलाच येत होतं, हिला नाही.

"इले लहानपणी तलावावर नेत नोयते ना," गुरुजी म्हणाले. "हे घर सांभाळे."

सिंधूबाई पाटावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "एक शब्द हाये, बाई. पहाटे पाणी एकदम शांत राह्यते. मंग खालून मासोळी वर येते, तोंड लावते अन् जाते. पाण्यावर नुसतं एक गोल उमटते. त्या गोलाले माही माय एक नाव घे. लय सुंदर नाव होतं. जिभीवर येते अन् पयते." त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. "त्या मशिनीत माही माय होती, बाई. ते परत नाई येत का?"

मी हातातला घास खाली ठेवला. काय सांगायचं? त्या क्षणी मला अजून आशा होती. म्हटलं, लपलेली प्रत असेल अजून, काय सांगावं! मी गुरुजींना विचारलं – फाइल कोरी झाल्यावर तुम्ही नेमकं काय काय केलं?

"तुमच्या सूचना वाचल्या ना," गुरुजी म्हणाले. "पहिलीच सूचना होती. विचाराच्या आधी प्रोग्राम पुरा काढून टाका अन् नव्यानं टाका. मी तसंच केलं. दोनदा केलं. बरोबर केलं ना?"

पहिली सूचना. मीच लिहिली होती. निम्म्या तक्रारी त्यानंच मिटतात म्हणून लिहिली होती. प्रोग्राम काढून टाकला की त्याचं फोल्डर जातं. फोल्डराबरोबर आतली प्रत जाते. म्हणजे चौथ्या पत्रापर्यंत ती तिथे होती. पहिलं, दुसरं, तिसरं पत्र मी उघडलं तेव्हा, मी वाचून बाजूला सारलं तेव्हा, तो गोलाचा शब्द होता. आणि मग मी दाखवलेल्या जागी जाऊन, मी लिहिलेली सूचना वाचून, त्या सरळ माणसानं माझ्या सांगण्यावरून तो स्वतःच्या हातानं पुसला.

"बरोबर केलं," मी म्हणाले.

आणि सिंधूबाईंना म्हणाले, "नाही येत हो परत."

दोन्ही वाक्यं खरी होती. खोटं असं मी त्या घरात एक अक्षर बोलले नाही. बघा, किती जपून वागता येतं माणसाला!

त्यांनी मला आणखी भात वाढला. निघताना वाळल्या झिंग्यांची पुडी दिली. सिंधूबाईंनी गालावरून हात फिरवून बोटं मोडली, म्हणाल्या, "लेकीसारखी आली अन् जेवली." ती पुडी मी घुग्घुसला नेली, आईनं चटणी केली, भाकरीबरोबर मीही खाल्ली. घास घशात अडकला वगैरे काही झालं नाही. चटणी चांगली झाली होती.

त्यानंतर मी बदलले, असं लोक म्हणतात. सूचनांचं पत्रक मी नव्यानं लिहिलं. वापरणाऱ्यांच्या लिस्टवर येणाऱ्या प्रत्येक पत्राला मी त्याच दिवशी उत्तर द्यायला लागले, मराठीत, आणि माझं पाहून आणखी चार जण द्यायला लागले. ती लिस्ट जिवंत झाली. नव्यानं काम करू लागलेली मुलं मला विचारतात, ताई, चुकीच्या जागी आलेल्या माणसाशी कसं बोलायचं? मी सांगते – आधी त्याला उत्तर द्या, मग पत्ता द्या. आणि पत्ता देण्याआधी त्या घरात कुणी आहे का ते स्वतः जाऊन बघा. मुलं ते वहीत उतरवून घेतात. त्यांना वाटतं ताईंचा स्वभावच तसा. कुणी तोंडावर कौतुक केलं की माझी नजर खाली जाते, आणि तेही विनयात जमा होतं. चोराच्या मनात चांदणं असतं, पण पाहणाऱ्याला ते चांदणं दिसत नाही.

त्यानं काही फिटलं का? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा घातला आहे, प्रत्येक वेळी थोडं जास्त गोड उत्तर मिळावं म्हणून. नाही फिटलं. ज्यांना उत्तरं दिली ती माणसं वेगळी होती.

मग एक दिवस पोस्टानं पुस्तक आलं. चंद्रपूरच्याच एका छापखान्यात छापलेलं, साठ-सत्तर पानांचं, वर जाळ्याचं साधं चित्र. मी उभ्या उभ्या चाळलं. मासोळ्यांची नावं होती, जाळ्यांची होती, बांबूच्या सापळ्यांची होती. पाण्याच्या जागांचं प्रकरण दीड पानातच संपत होतं. पाण्यावरच्या त्या गोलापुढे गुरुजींनी नुसतं लिहिलं होतं – याला नाव होते, आठवत नाही. आणि सुरुवातीला चार ओळींची प्रस्तावना. तिच्यात म्हटलं होतं की हा संग्रह मुळात याच्या दुप्पट होता, परंतु मला मशीन नीट हाताळता न आल्यामुळे, माझ्या अज्ञानाने उरलेला भाग नष्ट झाला. त्याबद्दल सासूबाईंची आणि वाचकांची क्षमा मागतो.

छापलंय ते. काळ्या शाईत. माझा गुन्हा त्यांच्या नावावर छापला गेला, आणि तोही त्यांनी स्वतः कबूल करून.

गुरुजी त्यानंतर दोन पावसाळे काढून गेले. दोन पावसाळे म्हणजे काही कमी दिवस नव्हेत. मी एकदाही गेले नाही. पुस्तक मिळाल्याचं पत्र मात्र पाठवलं – फार सुंदर झालंय म्हणून.

सिंधूबाई आहेत. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी हे लिहिते आहे, हेही मला कळतं. छापून आलं तरी त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. त्या अजून दुपारी अंगणात बसून डोळे मिटतात, असं मागे कुणीतरी आलं होतं ते सांगत होतं. जवळ कुणी बसलं की म्हणतात, मालकाच्या हातून चुकलं, मशिनीचं काम, ते तरी काय करतीन बिचारे.

त्यांच्या मालकाच्या हातून काही चुकलं नव्हतं. हे ज्यांना सांगायला हवं त्यांचं घर मी पाहिलेलं आहे, तिथे जेवलेली आहे. आणि मी हे तुम्हाला सांगत बसले आहे.